डेलियाचे कंद जागे करताना: आधी ऊब, पाणी नंतर

डेलियाचा कंद पहिल्यांदा हातात आला की माणूस त्याच्यात बटाटा शोधतो. रंग तसाच मातकट, हाताला तसाच टणक, आणि बटाट्याला अंगावर कुठेही कोंब फुटतात हे आपण पाहिलेले असते. मीही पहिल्या वर्षी हेच गृहीत धरले. एका गड्ड्यापासून सुटलेले आठ गुबगुबीत कंद मोठ्या हौसेने आठ कुंड्यांत लावले, रोज सकाळी पाणी घातले आणि महिनाभर वाट पाहिली. रोप आले एक. उरलेल्या सात कुंड्या उकरल्या तेव्हा चारांत गिळगिळीत गोळा आणि तोंड फिरवावे असा वास होता. बाकी तीन कंद मात्र धडधाकट निघाले. त्यांना पांढरीशुभ्र मुळेही सुटली होती, फक्त कोंब नव्हता आणि पुढेही कधी आला नाही.

चार कंद मी पाण्याने मारले होते. तीन कंदांना मुळात डोळाच नव्हता. नवख्या माणसाचे डेलिया वाया जातात ते बहुतेक याच दोन कारणांनी, म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

डोळा कुठे असतो

बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेला दांडा, म्हणून त्याच्या अंगभर डोळे. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेले मूळ. त्याच्या पोटावर, बुडाशी, शेपटीवर कुठेही डोळा येत नाही. डोळे येतात ते फक्त जुन्या दांड्याच्या बुंध्याशी, जिथे सगळे कंद एकत्र जोडलेले असतात त्या भागावर. या भागाला आपण माथा म्हणू. माथा आणि कंदाचे पोट यांना जोडणारा निमुळता भाग म्हणजे मान.

उगवण्याजोग्या कंदाला पोट, शाबूत मान आणि माथ्याचा निदान नखाएवढा तुकडा लागतो, आणि त्या तुकड्यावर डोळा. पोट म्हणजे शिदोरी, त्यात इन्युलिन नावाचे कर्बोदक साठवलेले असते. मान म्हणजे ती शिदोरी वर पोचवणारी वाट. मान मोडून लोंबत असेल, तर पोट कितीही गलेलठ्ठ असो, त्या कंदाचा मोह सोडावा. सालीवर नुसती सुरकुती असेल आणि आत मान घट्ट असेल तर चालते. कंद दोन बोटांत धरून अगदी हलके हलवून पाहा. मान बिजागरीसारखी वळली, तर ती आतून तुटली आहे असे समजा.

सुप्तावस्थेत डोळा ओळखणे अवघड जाते, याची लाज वाटून घेऊ नका. तो माथ्यावर मोहरीएवढा किंवा त्याहून किंचित मोठा उंचवटा असतो. कधी गुलाबीसर, कधी हिरवट, कधी सालीच्याच रंगाचा. तिरप्या उजेडात धरला की सावलीमुळे लवकर दिसतो. तरीही दिसला नाही, तर कंद आठ-दहा दिवस उबदार जागी जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) ठेवा. डोळा असेल तर फुगून वर येईल. मी आता हेच करतो, भिंगे-बिंगे घेऊन बसत नाही.

कंदाच्या आकाराकडे फार बघू नये. अंगठ्याएवढ्या कंदापासून माणसाच्या छातीला लागणारे झुडूप होते. उलट मोठे कंद कुंडीत मावत नाहीत, आणि शिदोरी भरपूर असल्यामुळे काही वेळा नवी मुळे धरायला आळस करतात. फार लांब कंदाची शेपूट स्वच्छ ब्लेडने कापून टाकली तरी चालते, मात्र जखम दोन दिवस वाळू द्यावी.

साठवणीतून बाहेर काढल्यावर

प्रत्येक कंद दाबून पाहा. टणक असेल तर उत्तम. सुरकुतलेला पण दाबल्यावर न दबणारा असेल तर तोही चांगलाच. काही जण असे कंद तासभर पाण्यात बुडवतात. मला ते पटत नाही, कारण बारीकशी जखम असली तर तिच्यातूनच कूज आत शिरते. ओलसर कोकोपीटमध्ये आठवडाभर पुरून ठेवला की तो हवे तेवढे पाणी स्वतःच ओढून घेतो. मऊ पडलेला भाग असेल तर पांढरा, कोरडा गर दिसेपर्यंत कापत जा. कापता कापता मानेपर्यंत पोचलात तर तो कंद गेला. आतून तपकिरी आणि पाणचट असलेला कंद ठेवून घेण्यात अर्थ नाही, तो शेजारच्यालाही बिघडवतो.

आणखी एक गोष्ट याच वेळी बघून घ्यायची. माथ्यावर फुलकोबीसारखी खडबडीत गाठ असेल, किंवा एकाच जागी डझनभर खुजे, जाडसर, एकमेकांत गुंतलेले कोंब फुटले असतील, तर तो जिवाणूंचा रोग असतो. फुटवे भरपूर आले म्हणून नवखा माणूस खूश होतो आणि नेमका तोच गड्डा जपून ठेवतो. असा गड्डा कंपोस्टमध्येही टाकू नका, बांधून कचऱ्यात द्या आणि हात, सुरी, भांडे धुवून घ्या.

केव्हा सुरू करायचे

‘वसंत आला की लावा’ हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण वसंत काही ठरल्या तारखेला सगळीकडे येत नाही. त्यापेक्षा एकच तारीख शोधा: तुमच्या भागात दव गोठवणारी थंडी साधारण कधी संपते. जुन्या जाणत्या बागवानांना ती तोंडपाठ असते, हवामानाच्या नोंदींतही सापडते. डेलियाचा हिरवा भाग गोठणारी एक रात्रसुद्धा सोसत नाही, सकाळी पाने उकडल्यासारखी काळी पडलेली दिसतात. म्हणून रोप उघड्यावर जाणार ते त्या तारखेनंतरच.

मग त्या तारखेपासून मागे ४ ते ६ आठवडे मोजा. कंद घरात कुंडीत लावायचा काळ तो. शेवटची गोठवणारी रात्र १० मेच्या आसपास येत असेल, तर कंद २९ मार्च ते १२ एप्रिल या दोन आठवड्यांत लावावेत. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, पण मोजणी हीच.

यापेक्षा लवकर सुरुवात करायचा मोह प्रत्येकाला होतो. एका वर्षी मी दहा आठवडे आधी कंद मांडले. बाहेर अजून बोचरी थंडी, घरात खिडकीपाशी हातभर लांब, फिक्कट, मान टाकलेली रोपे, आणि रोज त्यांना इकडून तिकडे हलवायची कसरत. शेवटी ती बाहेर लावली तेव्हा पाच आठवडे आधी सुरू केलेल्या शेजारच्या रोपांनी पंधरा दिवसांत त्यांना गाठले. घरात भरपूर उजेडाची सोय असेल तर लवकर सुरू करा, नाहीतर कंदाला झोपू द्या. तो घाईत नसतो.

तारखेइतकेच महत्त्व जमिनीच्या उबेला आहे. दहा-बारा सेंटीमीटर खोल थर्मामीटर खुपसून सकाळी बघा. सलग काही दिवस १५ अंश सेल्सिअस किंवा जास्त दाखवत असेल तर जमीन तयार आहे. गोठवणारी रात्र टळली पण माती थंडगार चिखल आहे, अशी मधली अवस्था फसवी असते. मी लावलेले सगळ्यात जास्त कंद याच काळात कुजलेत.

जिथे दव कधीच गोठत नाही आणि वसंताच्या पाठोपाठ लगेच कडक ऊन तापते, तिथे हे गणित चालत नाही. पारा दिवसामागून दिवस ३५ अंशांच्या वर राहू लागला की डेलिया थिजतो, कळ्या बारीक होतात, फुले लवकर उलगडून गळतात. अशा हवेत पाऊस ओसरल्यावर, रात्री गार व्हायला लागल्या की कंद जागे करतात आणि फुले थंडीत घेतात. पुढच्या पायऱ्या मात्र दोन्हीकडे सारख्याच.

आणि हो, घरात आधी सुरू करणे सक्तीचे नाही. जमीन तापल्यावर कंद थेट वाफ्यात लावला तरी तो येतो. फुले तीन-चार आठवडे उशिरा लागतात इतकेच. ज्यांचा उन्हाळा लांब आहे त्यांनी खुशाल थेट लावावेत. थंडी लवकर परतते त्या भागात मात्र हे तीन-चार आठवडे म्हणजे निम्मा बहर.

गड्डा फोडणे

अख्खा गड्डा लावला तरी उगवतो, पण झाड आतून दाट आणि गचपण होते. दर दोन-तीन वर्षांनी फोडलेला बरा. वसंतात फोडण्याचा मोठा फायदा असा की डोळे फुगलेले दिसतात, अंदाजाने सुरी चालवावी लागत नाही.

गड्डा उलटसुलट करून आधी डोळे मोजा, मगच कापा. मधोमध दोन भाग केले की आतली रचना कळते आणि पुढचे काप सोपे जातात. प्रत्येक तुकड्याला माथ्याचा डोळा असलेला भाग मिळालाच पाहिजे. कधी तीन कंद एकाच डोळ्यावर अवलंबून असतात. तेव्हा तिघांना एकत्र राहू द्या, हट्टाने वेगळे केलेत तर दोन आंधळे कंद हाती येतील. बोथट सुरीने माथा पिचतो, म्हणून धारदार ब्लेड किंवा बागेची कात्री घ्या.

एका गड्ड्यानंतर दुसऱ्याला हात घालण्यापूर्वी पाते धुवा. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणात बुडवून पुसले तरी पुरे. डेलियाला विषाणूजन्य रोग होतात, ते रसावाटे पात्यावरून पसरतात आणि त्यांना औषध नाही. पानांवर पिवळ्या शिरा आणि झाड खुजे, असे दिसले की ते उपटायचे, दुसरा मार्ग उरत नाही.

कापलेले तुकडे एक-दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवा. जखमेवर कोरडी खपली धरते. आणि नाव लिहा. कंदावरच मार्करने लिहिले तर सगळ्यात चांगले. आता सगळे नीट लक्षात आहे असे वाटते, पण महिन्याने दहा सारख्या दिसणाऱ्या कुंड्यांसमोर उभे राहिल्यावर काहीच आठवत नाही.

कुंडीत लावणे

१५ ते २० सेंटीमीटर रुंदीची, तळाला भोके असलेली कुंडी पुरते. मिश्रण भुसभुशीत हवे: कोकोपीट, थोडे पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा जाडसर वाळू आणि मूठभर जुने, कुजलेले खत. खताचा हात आखडता ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे कंद स्वतःच्या शिदोरीवरच जगतो, त्याला बाहेरचे जेवण लागत नाही. बागेतली चिकट माती कुंडीत भरू नका. ती पाणी धरून बसते आणि तेच आपल्याला नको आहे.

मिश्रण कुंडीत भरण्याआधीच ओलसर करून घ्या. मूठ आवळली की गोळा व्हावा, थेंब गळू नये, आणि बोट लावताच गोळा फुटावा. कुंडी निम्मी भरून कंद आडवा किंवा तिरका ठेवा, डोळा वरच्या बाजूला. वरून इतकेच मिश्रण घाला की माथा जेमतेम झाकला जाईल किंवा किंचित उघडा राहील. उघडा राहिला की कोंब कधी आला ते दिसते आणि पुढे फाटेकलमे घ्यायची असतील तर हात पोचतो. जागा कमी असेल तर एका उथळ ट्रेमध्ये दहा-बारा कंद शेजारी शेजारी मांडून जागे करता येतात, फुटले की एकेक कुंडीत हलवायचे.

जुन्या दांड्याचा खुंट उरला असेल तर तो अगदी आखूड छाटा. डेलियाचा दांडा पोकळ असतो. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या त्याच्या जुन्या नावातही पाण्याच्या नळीचाच अर्थ आहे असे सांगतात. उभ्या खुंटात वरून पाणी पडले की ते पेल्यासारखे साठते आणि माथा आतून कुजायला लागतो.

आता पाणी घालायचे नाही

इथे हात आवरणे सगळ्यात अवघड. कुंडी भरली की झारी उचलायची सवय प्रत्येकाच्या अंगात असते.

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. १९६३ मध्ये मेक्सिकोने त्याला राष्ट्रीय फूल केले. त्या डोंगरांत पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि थंडीचे महिने कोरडे जातात. वरचे झाड वाळते, कंद कोरड्या मातीत पडून राहतो, आणि ऊब व ओल परत आली की फुटतो. म्हणजे थंड आणि ओली माती हे त्याला ठाऊकच नाही. मुळे आणि पाने नसलेल्या कंदाला फारसे पाणी ओढता येत नाही आणि उडवूनही टाकता येत नाही. आपण घातलेले पाणी त्याच्याभोवती नुसते साचते. त्याला लागणारे पाणी त्याने पोटात भरून आणलेले असते. (डेलिया म्हणावे की डालिया, असा वाद काही जण घालतात. १७९१ मध्ये माद्रिदच्या वनस्पती उद्यानातल्या काव्हानियेस यांनी हे नाव दिले ते स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंदेर्स दाल यांच्या सन्मानार्थ. तेव्हा डालिया म्हणणाऱ्यांना हसू नये.)

तर सुरुवातीच्या ओलाव्यावर कोंब दिसेपर्यंत निभवायचे. मिश्रण अगदी भुरभुरीत कोरडे झालेच तर कुंडीच्या कडेने चार-सहा चमचे पाणी किंवा वरून फवारा. कंदाच्या डोक्यावर धार धरू नका.

त्याला हवी असते ती ऊब. १८ ते २१ अंश सेल्सिअस हा सोयीचा पट्टा. उजेडाची या टप्प्यावर गरज नाही, त्यामुळे कपाटाचा वरचा कप्पा किंवा घरातला कुठलाही उबदार कोपरा चालतो. कुंडीखाली ठेवायची विजेची तापपट्टी असेल तर काम लवकर होते, पण तिच्यावर मिश्रणही लवकर सुकते, तेवढे लक्ष ठेवा. थंड फरशीवर कुंडी ठेवू नका, खाली एखादी फळी सरकवा.

मग वाट पाहायची. काही जाती दोन आठवड्यांत फुटतात, काही चार घेतात, काही सहा. एकाच गड्ड्यातल्या दोन कंदांतही पंधरा-वीस दिवसांचे अंतर पडते. रोज उकरून पाहू नका. कोवळा कोंब नखाच्या धक्क्याने तुटतो. (तुटलाच तर रडू नका, त्याच्या बुडाशी बहुधा दुसरा येतो.) फार तर आठवड्यातून एकदा माथ्याजवळ बोट घालून कंद टणक आहे ना ते पाहा.

कोंब दिसल्यापासून

कोंब दोन-तीन सेंटीमीटर झाला की त्याच दिवशी कुंडी उजेडात आणा, आणि आता ऊब थोडी कमी करा. कोंब फुटेपर्यंत ऊब जास्त लागते, फुटल्यावर उजेड. १५ अंशांच्या आसपासची हवा आणि भरपूर प्रकाश मिळाला की रोप बुटके आणि जाडजूड होते. उबेत ठेवून उजेड कमी पडला तर ते उजेडाच्या शोधात लांबत जाते. खिडकी एकाच बाजूला असेल तर कुंडी रोज थोडी फिरवा. बागेचा दिवा वापरत असाल तर तो शेंड्यापासून वीतभर अंतरावर, दिवसाचे १४ तासांच्या आसपास.

पाणी आता सुरू होते, पण बेताने. पहिली खरी पाने उलगडली की वरचा थर सुकल्यावर घाला. पाने वाढतील तसे पाणी वाढवा.

साठवणीतच कंदाला लांब पांढरे कोंब फुटलेले असले तर घाबरायचे कारण नाही. बोटभरापेक्षा लांब आणि ठिसूळ असतील तर एक पेर ठेवून वरून छाटा, तिथूनच नवे येतील. आखूड असतील तर राहू द्या, उजेडात हिरवे होतात.

एका कंदाची पाच रोपे

हा भाग वगळला तरी डेलिया फुलणारच. पण एकदा करून पाहिलात तर पुढच्या वर्षी कंद विकत घ्यायची गरज उरत नाही. कोंब सात-आठ सेंटीमीटरचा आणि दोन-तीन जोड पानांचा झाला की सगळ्यात खालच्या पेराच्या किंचित वर कापा. खाली राहिलेल्या त्या पेरातून दोन नवे कोंब येतात आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा कापायला तयार होतात. चांगल्या जोमाचा एक कंद एका हंगामात सहज पाच-सहा फाटे देतो.

कापलेल्या फाट्याची खालची पाने काढा, वर एक-दोन जोड ठेवा, मोठी पाने अर्धी छाटा. मूळ फुटायला मदत करणारी पावडर असेल तर बुडाला लावा, नसेल तरी चालते. ओलसर कोकोपीट-पर्लाइटमध्ये एक पेर मातीखाली जाईल असे खोचा. हे पेर महत्त्वाचे. हंगामअखेर नव्या रोपाला जे कंद लागतील त्यांचे डोळे त्या गाडलेल्या पेराच्या कळ्यांतून येतात. पेर वर राहिले तर फुले मिळतील, पण साठवलेला कंद पुढच्या वर्षी फुटेलच असे नाही.

वर पारदर्शक डबा उपडा घाला, थेट ऊन टाळा, खालून ऊब द्या. पहिले दोन दिवस फाटा मलूल दिसतो, मग सावरतो. दोन-तीन आठवड्यांत मुळे सुटतात. हळूच ओढून पाहिल्यावर अडकल्यासारखा लागला म्हणजे धरला. डबा एकदम न काढता रोज थोडा थोडा वेळ उघडा ठेवा. फाट्याचे रोप त्याच वर्षी फुलते, आणि माझ्या अनुभवात त्याची फुले कंदाच्या झाडापेक्षा कुठेही उणी नसतात. मात्र वसंत सरता सरता हे काम थांबवा. उशिराच्या रोपांना अंगात कंद भरायला दिवस पुरत नाहीत.

बाहेर नेताना

घरात वाढलेल्या रोपाला वारा आणि खरे ऊन ठाऊक नसते. थेट बाहेर ठेवले तर पाने दोन दिवसांत पांढरी भाजून निघतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडे जास्त, मग सकाळचे कोवळे ऊन, असे सात ते दहा दिवस करा. या काळात रात्री आत आणायचा कंटाळा येतो. ज्या रात्री मी कंटाळा केला त्या एकाच रात्री थंडी उलटली होती.

वाफ्याला दिवसाचे किमान सहा तास ऊन हवे, आणि पावसानंतर पाणी साचता कामा नये. चिकट जमीन असेल तर वाफा वीतभर उंच करा. उंच जातींसाठी काठी आधी ठोका, रोप मग लावा. झाड वाढल्यावर आठवण झाली आणि काठी ठोकली, तर ती बरोबर कंदाच्या पोटातून जाते. काठीचा निम्मा मीटर तरी जमिनीत हवा, पोकळ दांड्यावर ताटाएवढे ओले फूल असले की वारा काय करतो ते एका वादळात समजते.

कंद थेट लावत असाल तर १० ते १५ सेंटीमीटर खोल. कुंडीतले रोप कुंडीत होते त्याहून थोडे खोल बसवा. उंच जातींत दोन झाडांमध्ये ४५ ते ६० सेंटीमीटर, बुटक्या जातींत ३० पुरते. रोपाला लावल्या लावल्या पाणी द्या, कारण त्याला पाने आहेत. थेट लावलेल्या नुसत्या कंदाला देऊ नका, कोंब जमिनीवर दिसेपर्यंत मातीची ओल पुरते. नंतर पुन्हा गोठवणारी रात्र आलीच तर संध्याकाळी जुनी चादर किंवा उपडी बादली टाका, सकाळी काढा. वरचे काळे पडले तरी खाली कंद शाबूत असतो आणि बहुतेक वेळा पुन्हा फुटतो.

पहिले पंधरा दिवस गोगलगायींचे. त्यांना कोवळा डेलिया इतका आवडतो की रात्रीत रोपाची नुसती काडी उरते. काळोख पडल्यावर टॉर्च घेऊन हाताने वेचणे हा सगळ्यात खात्रीचा उपाय, किळस आवरत असेल तर. रोपाभोवती पालापाचोळा लगेच पसरू नका, त्याखाली त्या दिवसभर लपतात. रोप गुडघ्याएवढे झाले की मग पसरा.

रोपाला तीन-चार जोड पाने आली की मधला शेंडा नखाने खुडा. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतो, कारण रोप नुकते कुठे उभे राहिलेले असते. खुडल्यावर प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी येते, झाड रुंद होते आणि पहिले फूल आठवडा-दोन आठवडे उशिरा आले तरी नंतर एकाच वेळी डझनभर कळ्या दिसतात. बुटक्या जातींना खुडायची गरज नसते. खत लावणीनंतर महिन्याने सुरू करा, आणि ते नत्राचा भडिमार करणारे नको. नत्र जास्त झाले की पाने हिरवीगार, फुले मोजकी आणि साठवणीत न टिकणारे पाणचट कंद मिळतात.

ज्या कुंड्यांत अजून काहीच हालचाल नाही त्या या गडबडीत फेकू नका. आठ आठवडे पूर्ण होऊ द्या. मग कंद उपसा, टणक असेल आणि माथ्याचा तुकडा असेल तर पुन्हा पुरा आणि उबेत सरकवा. गेल्या वर्षी माझी एक कुंडी अशीच पायरीच्या कोपऱ्यात विसरली गेली होती. बाकीची रोपे वाफ्यात जाऊन तीन आठवडे झाले, तेव्हा तिच्यातून जांभळट कोंब वर आला. नावाची पट्टी तोवर उन्हाने कोरी झाली होती, त्यामुळे कोणती जात आहे हे फूल उमलेपर्यंत कळले नाही.